रंग बघून थांबणारी कॉटरी

आवाज येतोय ना सगळ्यांना? मी रायपूरहून बोलतेय, सदर बाजारातून. मागे मधूनमधून ठकठक ऐकू येईल, ती शेजारच्या कारागिराची आहे. लग्नसराईत त्याला तासभर काम थांबव म्हणायची माझी छाती नाही. पुण्या-मुंबईकडच्या लोकांना रायपुरात मराठी घरं आहेत याचं अजून नवल वाटतं. अहो, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आहोत आम्ही इथे. तात्यापारा नावाची वस्तीच आहे. फक्त आमच्या मराठीत अधूनमधून हिंदी डोकावते, तेवढं चालवून घ्या.

संयोजकांनी विषयाचं नाव मोठं दिलंय. मी साध्या शब्दांत सांगते. ऑपरेशन करताना पोटात उष्णता देणारी जी हत्यारं वापरतात, त्यांना कॅमेऱ्यात दिसणाऱ्या चित्रावरून 'आता थांब' हे कळेल का? गेली सहा वर्षं मी हेच काम करते. शिक्षणानं मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर शेवटी पित्ताच्या खड्यांवर औषध विचारणारे दोन-तीन जण असतातच.

सुरुवात मात्र आजोबांपासून करते. सदर बाजार म्हणजे रायपूरचा सराफा. आता काचेची मोठी दुकानं झाली, पण मागच्या गल्ल्यांत अजून कारागीर बसतात. आजोबा त्यांच्यातले. समोर शेगडी, तिला ते बागेसरी म्हणत, हातात फुंकणी. दागिन्याचे दोन तुकडे जोडायचे तर मध्ये टाका ठेवायचा, टाकणखार लावायचा आणि फुंकणीनं ज्योत बरोब्बर तिथे न्यायची. टाकणखार आधी फुगून पांढरा होतो, मग विरघळून काचेसारखा पसरतो. सोनं लालसर दिसायला लागतं. आणि मग एका क्षणी टाका चमकून सांध्यात धावतो. त्या क्षणी ज्योत बाजूला घ्यायची. जरा आधी घेतली तर जोड कच्चा राहतो, जरा उशीर झाला तर नाजूक तार वितळून गोळा होते. शुद्ध सोनं १०६४ अंशांना वितळतं, पण आजोबांना तो आकडा ठाऊक नव्हता. थर्मामीटर तर नव्हताच.

मुलींना कोणी पाटावर बसवत नसे. माझं काम एकच, खिडकीचा पडदा ओढायचा. टाका लावताना त्यांना उजेड कमी लागायचा, कारण उन्हात तापलेल्या सोन्याचा रंग कळत नाही. मी कंटाळून किती वेळ लागेल विचारलं की म्हणायचे, "रंग बघ गं, घड्याळ नको बघूस."

हे मी आठवणीत रमण्यासाठी सांगत नाहीये. सर्जनही नेमकं हेच करतात. शब्दसुद्धा तोच आहे बघा, सोनाराचाही टाका आणि सर्जनचाही टाका.

कॉटरी म्हणजे काय? आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. तिला हात लागला तर स्नायू आखडतात, हृदय थांबू शकतं. हीच ये-जा सेकंदाला तीन ते पाच लाख वेळा व्हायला लागली की नसा आणि स्नायू तिला दादच देत नाहीत. उरते फक्त उष्णता. ती बारीक टोकाजवळ एकवटली की ऊतक शिजतं. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर पडल्यावर जे होतं तेच. साधारण ६० अंशांच्या आसपास प्रथिनं गोठतात, ऊतक फिकं, पांढरट होतं, आक्रसतं आणि रक्त थांबतं. १०० अंशांना आतलं पाणी उकळतं, वाफ निघते. त्याच्या पुढे गेलात की तपकिरी आणि मग काळा कोळसा. तो कोळसा हत्याराला चिकटतो आणि हत्यार उचललं की निघून येतो. म्हणजे थांबवलेलं रक्त पुन्हा सुरू.

बोस्टनमध्ये १ ऑक्टोबर १९२६ रोजी हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोवी या शास्त्रज्ञानं बनवलेलं असं यंत्र डोक्याच्या एका गाठीवर वापरलं. त्याच रुग्णाचं ऑपरेशन काही दिवस आधी रक्तस्रावामुळे अर्धवट सोडावं लागलं होतं. तेव्हापासून शंभर वर्षं होत आली. आजही सर्जनच्या पायाशी दोन पॅडल असतात, कापण्यासाठी पिवळं आणि गोठवण्यासाठी निळं. पायानं दाबायचं, डोळ्यानं बघायचं आणि रंग बदलला की पाय उचलायचा. या शंभर वर्षांत जनरेटर खूप हुशार झाले. रक्तवाहिनी चिमट्यात धरून सील करणारी जी नवी हत्यारं आहेत, त्यांचा जनरेटर सेकंदाला हजारो वेळा ऊतकाचा विद्युत अवरोध मोजतो. ऊतक सुकत गेलं की अवरोध वाढतो, त्यावरून काम झालं हे त्याला कळतं आणि तो स्वतः थांबतो. फार चांगली गोष्ट आहे. पण ते यंत्र आंधळं आहे. चिमट्यात रक्तवाहिनी आहे की पित्तनलिका, हे त्याला ठाऊक नाही. दोन मिलिमीटरवर आतडं टेकलंय, हेही ठाऊक नाही. आणि साध्या हूकमध्ये तर तेवढीही सोय नसते. पाय दाबलेला आहे तोवर ऊर्जा चालू.

आता दुसरी बाजू. मुंबईच्या सर जे. जे. रुग्णालयात १९९० साली डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी भारतात पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. निदानासाठी पोटात दुर्बीण घालायला त्यांनी १९७२ मध्येच सुरुवात केली होती. अशा ऑपरेशनमुळे रुग्णाचं भलं झालं, लहान छिद्रं, लवकर घरी. पण माझ्यासारखीच्या दृष्टीनं त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. सर्जनचा डोळा पोटावरून उठून पडद्यावर गेला. म्हणजे सर्जनला जे दिसतं ते आधीच तारेतून जाणारा सिग्नल आहे. तुम्ही कधी ऑपरेशन थिएटरमधली ती ट्रॉली बघितलीत तर लक्षात येईल. वरच्या कप्प्यात कॅमेऱ्याचा डबा, खालच्या कप्प्यात कॉटरीचा जनरेटर. मध्ये वीतभर अंतर. एकाला सगळं दिसतं, दुसऱ्याच्या हातात आग आहे. आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही.

मी या कामाकडे कशी वळले ते सांगते.

२०१७ साली आईचं पित्ताशय काढलं. शहर आणि रुग्णालय कोणतं ते सांगणार नाही, त्याची गरजही नाही. ऑपरेशन नीट झालं, तिसऱ्या दिवशी घरी आली. सहा आठवड्यांनी अंगाला खाज सुरू झाली. मग लघवी गडद, डोळे पिवळे. गल्लीतल्या तिघांनी कावीळ उतरवणाऱ्यांचे पत्ते दिले. तपासणीत कळलं, मुख्य पित्तनलिका एका जागी आवळत गेली होती. भाजल्यामुळे. उष्णतेची इजा अशीच फसवी असते. कापलं गेलं तर लगेच पित्त गळतं, कळतं. भाजलेली नळी त्या दिवशी चांगली दिसते आणि भरून येताना आक्रसते. आईला आधी स्टेंट, मग पुन्हा मोठं ऑपरेशन, नळी आतड्याला जोडावी लागली. आता ती बरी आहे, आत्ता आत वाटाणे सोलत बसलीय. पण दीड वर्ष गेलं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण साधारण हजारात तीन ते पाच असं सांगतात, आणि त्या सगळ्याच काही भाजल्यामुळे नसतात. आकडा लहान आहे. पण आपल्या देशात ही ऑपरेशनं किती होतात ते बघा, आणि मग त्या तीन ते पाचात आपलं माणूस असलं की काय होतं ते बघा.

पहिल्या सर्जननी काही लपवलं नाही. मी विचारताच रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह हातात ठेवला. म्हणाले, "तुम्ही बघा, मलाही सांगा." मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल ते सांगत नाही. पित्ताशय सोडवताना थोडं रक्त आलं. हूकचं टोक तिथे टेकलं. ऊतक पांढरं झालं, रक्त थांबलं. पण बुडबुडे येतच राहिले, म्हणजे पाय अजून दाबलेलाच होता. मी फ्रेम मोजल्या. पांढरं झाल्यापासून बुडबुडे थांबेपर्यंत शंभर फ्रेम. सेकंदाला पंचवीस, म्हणजे चार सेकंद. त्या चार सेकंदांत डॉक्टर काही मूर्खपणा करत नव्हते. कॅमेरा धरणाऱ्या मदतनिसाला काहीतरी सांगत असावेत, कारण चित्र त्याच वेळी थोडं सरकलं. आजोबांच्या भाषेत, रंग आला होता आणि ज्योत बाजूला झाली नाही.

मी तेव्हा कारखान्यातल्या मालाची खोट कॅमेऱ्यानं शोधायचं काम करत होते. बाटलीवरचं झाकण वाकडं आहे का, लेबल तिरकं आहे का. मला वाटलं, पांढरं झालं की थांब, एवढंच तर आहे. दोन महिन्यांत होईल.

मंडळी, सहा वर्षं झाली.

पहिली अडचण, पांढरं म्हणजे काय? ऑपरेशन सुरू करण्याआधी कॅमेऱ्यासमोर पांढरा गॉज धरून रंग जुळवून घेतात. कुणी नीट घेतं, कुणी घाईत. त्यामुळे एका व्हिडिओतलं गुलाबी दुसऱ्यात नारिंगी दिसतं. मग आम्ही पांढरा रंग शोधणं सोडून दिलं. हूकचं टोक शोधायचं, त्याच्याभोवतीचा छोटा तुकडा पॅडल दाबण्याआधी कसा होता ते लक्षात ठेवायचं आणि तो किती बदलला एवढंच बघायचं. लाली किती उतरली, उजळपणा किती वाढला. आजोबांचा पडदाही त्यासाठीच होता, उजेड सारखा ठेवला तरच बदल कळतो.

दुसरी अडचण, पोट आतून ओलं असतं. कॅमेऱ्याचा दिवा त्यावर पडला की पांढऱ्याशुभ्र ठिपक्यांचं चांदणं दिसतं. आमची कॉटरी प्रत्येक ठिपक्याला शिजलेलं ऊतक समजून थांबायची. त्यावर उपाय असा की ठिपका कॅमेऱ्याबरोबर हलतो, शिजलेली जागा ऊतकाबरोबर हलते. बोलायला सोपं, पण श्वासाबरोबर सगळंच वरखाली होत असतं.

तिसरी अडचण धूर. कॉटरी चालली की धूर होतो आणि जेव्हा बघायची सर्वांत जास्त गरज, नेमकं तेव्हाच दिसत नाही. धूर अख्ख्या चित्राला पांढरट करतो, तेवढी एक खूण मिळते. आम्ही ठरवलं की धुरानं दिसेनासं झालं तर कार्यक्रमानं अंदाज बांधायचा नाही, 'मला दिसत नाही' असं सांगायचं. हे एक वाक्य त्याला शिकवायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. शिकवलेली यंत्रं एरवी कधीच असं म्हणत नाहीत, काही ना काही उत्तर देऊन मोकळी होतात.

वेळेचं गणित वेगळंच. सेकंदाला तीस फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद. कॅमेरा, गणित, जनरेटरला निरोप, सगळं मिळून दहा फ्रेमचा उशीर झाला तर सेकंदाचा एक तृतीयांश गेला. बारीक टोकाखाली तेवढ्यात बरंच काही शिजतं.

या सगळ्याच्या चाचण्या आम्ही बाजारातून आणलेल्या बकऱ्याच्या कलेजीवर करत होतो. कलेजीवाला मला मोठी खवय्यी समजतो. पण मेलेल्या ऊतकात रक्त वाहत नाही. जिवंत शरीरात वाहतं रक्त उष्णता वाहून नेतं, कलेजीत ती तिथेच साचते. म्हणून कलेजीवर शिकलेलं जसंच्या तसं माणसाला लागू होत नाही. मग ऑपरेशनचे खरे व्हिडिओ लागतात. संशोधनासाठी मिळणारा सर्वांत परिचित संच फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचा आहे, ८० पित्ताशयं, १३ सर्जन. त्या लोकांचे फार उपकार आहेत. पण ती एका रुग्णालयातली, बहुतेक वेळेवर आलेल्या रुग्णांची पित्ताशयं. आपल्याकडे माणूस दहा वेळा पोट दुखल्यावर, शेती आटोपल्यावर, मुलीचं लग्न लावून झाल्यावर येतो. तोवर पित्ताशय जाड, चिकटलेलं, ओळखू न येणारं झालेलं असतं. तिकडच्या चित्रांवर शिकलेला कार्यक्रम आपल्याकडच्या चित्रावर चाचपडतो. तीन सर्जनना एकच फ्रेम दाखवून पित्तनलिका कुठे आहे ते रेघ मारून दाखवा म्हटलं, तर वाईट केसमध्ये तीन वेगळ्या रेघा आल्या. मग यंत्राला खरं म्हणून काय शिकवायचं? आम्ही तिन्ही रेघांचा मिळून जो पट्टा होतो, तो सगळाच धोक्याचा धरला.

जगात इतरत्रही हे चालू आहे. अमीन मदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्ताशयाच्या चित्रावर 'इथे काम करा' आणि 'इथे नको' असे भाग रंगवून दाखवणारा कार्यक्रम केला. २०२५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी डुकराच्या काढलेल्या पित्ताशयांवर रोबोटकडून नळी आणि धमनी ओळखून क्लिप लावून कापून घेतली, माणसानं हात न लावता. वर्तमानपत्रांत 'रोबोट सर्जन आला' असे मथळे आले. पण त्यात क्लिप आणि कात्री होती. आगीचं काम नव्हतं. क्लिप चुकीच्या जागी बसली तर निदान तिथे दिसते. उष्णता पसरते आणि दिसत नाही.

म्हणूनच आमच्या गटात पहिल्या वर्षी मोठं भांडण झालं. एकाचं म्हणणं होतं की यंत्रानं जागा ओळखून स्वतःच ऊर्जा सुरू करावी, तोच पुढचा काळ आहे. माझं म्हणणं, सुरू करणं पायाकडेच राहू दे, यंत्राला फक्त थांबायचा अधिकार द्या. मी अजून त्याच मताची आहे. सुरू करणाऱ्या यंत्राची चूक म्हणजे भाजलेली नळी. थांबणाऱ्या यंत्राची चूक म्हणजे पुन्हा एकदा पाय दाबणे.

असं मला वाटत होतं. मग एका ज्येष्ठ सर्जननी विचारलं, "मॅडम, धमनीतून रक्त उडतंय, मी पॅडल दाबलंय आणि तुमचं मशीन म्हणतंय थांबा. मग?" बरोबर होतं त्यांचं. थांबण्याचीही किंमत असते. त्यानंतर आम्ही सगळं पुन्हा बसून ठरवलं. रंग आला की आधी फक्त आवाज बदलतो. कॉटरी चालू असताना जो टूंऽऽ आवाज येतो, तो वरच्या पट्टीत जातो. डॉक्टरांची नजर पडद्यावर असते, कान मोकळे असतात. पुढच्या अर्ध्या सेकंदात पाय उचलला नाही तर शक्ती कमी होते आणि मग बंद. पाय उचलून लगेच पुन्हा दाबला तर यंत्र मुकाट्यानं ऐकतं, वाद घालत नाही. आणि तुकड्याभोवती लाल रंग पसरत असेल, म्हणजे रक्त वाहतंय, तर थांबायचा नियम रद्द.

आणखी एक जागा आहे जिथे कॅमेऱ्याचा उपयोग मला स्वतःला अपेक्षित नव्हता. अल्ट्रासाउंडवर चालणारी हत्यारं असतात, त्यांचं पातं सेकंदाला पंचावन्न हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि त्या घर्षणानं तापतं. पाय उचलला तरी पातं काही सेकंद चांगलंच गरम असतं. डॉक्टर त्याच पात्यानं आतडं हलकेच बाजूला सारतात, सवयीनं. जनरेटरच्या लेखी काम संपलेलं असतं. कॅमेरा मात्र पात्यावर लक्ष ठेवून राहू शकतो, अजून गरम आहे, आतड्याजवळ चाललंय, आवाज दे. यात रंगाची भानगडच नाही, फक्त टोक कुठे आहे आणि किती वेळ झाला एवढंच. हे आमचं सगळ्यात भरवशाचं काम झालंय.

आणि जिथे उपयोग नाही तेही सांगते. हत्याराच्या दांड्यावरचं आवरण कुठे चिरलेलं असेल तर वीज तिथून निसटते आणि चित्राच्या बाहेर आतडं भाजतं. कॅमेऱ्याला ते दिसणारच नाही. त्याला उपाय म्हणजे प्रत्येक वेळी आवरण तपासणं, त्यासाठी माणूस आणि साधं तपासणी यंत्र पुरतं. कुणी तुम्हाला म्हणालं की एआय आलं, आता भाजण्याची भीती गेली, तर त्याला दांड्यांविषयी विचारा.

सध्या आमचं यंत्र कुठल्याही रुग्णावर चालत नाही. आपल्याकडे २०२० पासून असं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणाच्या कायद्यात येतं, आणि यायलाच हवं. आत्ता ते रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंवर चालतं आणि मी इथे थांबले असते, एवढं सांगतं. मग सर्जन त्यावर बरोबर-चूक लिहितात.

आईचा व्हिडिओ मी शिकवण्यात कधीच घातला नव्हता. मुद्दाम. ज्या प्रश्नाचं उत्तर आधी सांगून ठेवलंय तो परीक्षेत विचारण्यात अर्थ नाही. या दिवाळीत आई माझ्यामागे उभी राहून म्हणाली, "एवढी वर्षं करते आहेस, मग माझ्या वेळी थांबलं असतं का ते सांग ना एकदा." मी पडदा ओढला, सवय आहे, आणि व्हिडिओ लावला.

त्या जागी यंत्रानं अठराव्या फ्रेमला आवाज बदलला आणि एकतिसाव्या फ्रेमला बंद केलं असतं. शंभराच्या जागी एकतीस. तेवढ्यानं नळी वाचली असती की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. पूर्ण ऑपरेशनमध्ये ते एकूण बारा वेळा थांबलं. सर्जनना दाखवल्यावर त्यातले सात चुकीचे निघाले, तीन तर नुसत्या चकाकीवर. आईला मी एकतीसही सांगितलं आणि सातही सांगितलं. ती म्हणाली, "सात फार होतात गं. डॉक्टर वैतागून बंदच करून ठेवतील."

तर आता सातचे तीन कसे करायचे यावर काम चालू आहे. विचारा, काही प्रश्न असतील तर. हो, ती ठकठक शेजारचीच.